लेप वाळेपर्यंत

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांच्याइतका वस्तूंवर जीव टाकणारा माणूस तापीच्या अलीकडे झाला नाही आणि पलीकडे झाला असेल असं मला वाटत नाही. त्या जिवातला चतकोर जरी माणसांच्या वाट्याला आला असता, तरी हे मी वेगळ्या सुरात लिहिलं असतं. पण दाजींचा न्याय सरळ होता. माणसाला हातपाय आहेत, तोंड आहे, त्याचं तो बघून घेईल. बिचाऱ्या कुलपाला कोण आहे? म्हणून दर अमावास्येला ते घरातल्या सगळ्या कुलपांना तेल पाजत. ज्यांच्या किल्ल्या हरवून वर्षं लोटली होती त्या कुलपांनाही पाजत, कारण किल्ली हरवली यात कुलपाचा काय दोष? पाऊस आला की भिजून खराब होऊ नये म्हणून छत्री सदऱ्याच्या आत घालत आणि स्वतः चिंब होऊन घरी येत. विहिरीवरच्या रहाटाचं चाक जरा कुरकुरलं की भरल्या ताटावरून उठत. तेच अक्का, म्हणजे माझी बहीण, आठ-आठ दिवस खोकत असली तर ताटावरची मान वर होत नसे.

धानोऱ्याला त्यांची काळी जमीन होती. कापूस चांगला यायचा, पुढे विहिरीच्या पाण्यावर केळीही लावली. मूलबाळ झालं नाही. घरात अक्का, दाजी, शेतावरचे दोन गडी आणि वस्तू. मी नंदुरबारला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि आई माझ्याजवळ असायची. वडील लवकर गेलेले, भाऊ नाही, त्यामुळे आईच्या लेखी घरातला पुरुष म्हणजे हा एक जावई. मी बोलताना शाळेतली मराठी बोलते याची दाजींना मोठी गंमत वाटे. मला नावानं हाक त्यांनी कधी मारली नाही. "काय मास्तरीन, आज कोनता धडा?" असं दारातूनच ओरडत आत यायचे आणि बसण्याआधी माझी खुर्ची डगमगते का ते तपासायचे. डगमगत असली तर चहा निवून जायचा, खुर्ची मात्र ठाकठीक व्हायची.

असल्या माणसाच्या हाती मोटार लागली. जंगलखात्यातले एक साहेब नोकरी संपवून कायमचे देशावर निघाले आणि जाताना त्यांनी आपली जुनी विलायती मोटार दाजींना विकली. आमच्या भागात तेव्हा मोटार म्हणजे लग्नात वर्णन करून सांगायची गोष्ट. लोक तिचे दिवे बघत, भोंगा वाजवून बघत. दाजींनी पहिल्यांदा दार उघडलं आणि त्यांचा जीव जडला तो खाली अंथरलेल्या गालिच्यावर. तपकिरी रंगाचा, दाट लोकरीचा, कडेला कातडी पट्टी शिवलेला. बैलगाडीच्या तट्ट्यावर ज्याचा जन्म गेला त्याला पायाखाली असलं काही घालायचं ही कल्पनाच सहन होईना. घरी बाजेवर अंथरायला असला गालिचा नव्हता आणि हा चक्क तुडवायचा?

मग नियम सुरू झाले. मोटारीत बसणाऱ्यानं वहाणा काढायच्या, त्या मागे टांगलेल्या गोणीत टाकायच्या, अक्कानं तांब्यातून ओतलेल्या पाण्यानं पाय धुवायचे, पुसायचे आणि मगच आत चढायचं. गालिच्यावर गोणपाट, गोणपाटावर दाजींचं जुनं धोतर, धोतरावर वर्तमानपत्र. एवढं असूनही गाडी हलली की पुढून हुकूम यायचा, "पाय वर धरा हो, टेकू नका!" एकदा आईला त्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेला नेलं. जाता-येता ती बिचारी पाय पोटाशी घेऊन बसली. उतरल्यावर तिला गुडघे सरळ करता येईनात, मी आणि अक्का दोन्हीकडून धरून तिला घरात घेऊन आलो. दाजी दूर जाताच ती म्हणाली, "जवाईनी गाडी चांगली शे. फक्त पाय घर ठेईसन येवाले जोयजे." त्या रात्री आम्ही तिघी पोट धरून हसलो होतो. 

आणि एवढं करूनही गालिचा मेला. वारा नाही, ऊन नाही, तीन थरांखाली कोंडलेला. दोन पावसाळ्यांची ओल त्यात मुरत गेली. एक दिवस दाजींनी वर्तमानपत्र उचललं, धोतर उचललं, गोणपाट उचललं आणि बघतात तो खाली लोकर नाहीच. वाळवीनं केलेला भुगा, आणि त्या भुग्यातून वर आलेले सरकीचे चार-सहा कोंब, दोन-दोन पानांचे, हिरवेगार. कुणाच्या तरी धोतराला चिकटून आलेली सरकी तिथं रुजली होती. अक्काला हसू आवरेना. दाजी मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, सुरतेहून नवा आणा. तर म्हणाले, "नवा आनसू, तोबी मरी जाई. आते असं काही लावसू का मी मरसू पन ते मराव नही."

इथून लेपाचं पर्व सुरू झालं. मोटारीच्या तळाच्या पत्र्याला घरच्या घरी असा लेप द्यायचा की त्यावरून बैल चालले तरी ओरखडा उठू नये, पाणी मुरू नये, वाळवी लागू नये. हा ध्यास त्यांनी वर्षानुवर्षं पुरवला. पहिला लेप डांबर आणि वाळूचा. नदीवरच्या होड्यांना डांबर लावतात, मग मोटारीला का नको, असा तर्क. हिवाळ्यात तो झकास दिसला. मग आमच्या खानदेशातला वैशाख आला. एके दुपारी गावचे तलाठी दाजींच्या गाडीतून नंदुरबारला जायला बसले आणि पोचल्यावर उतरले ते अनवाणी. त्यांचे नवे कोरे बूट आतच राहिले, डांबरात रुतून, जोडीनं, जणू मालक अजून त्यात उभाच आहे. तलाठी भर बाजारात एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते आणि दाजी आनंदानं सांगत होते, "चिकटनं म्हंजे पक्कं शे!" पुढे त्या तलाठ्यानं सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी दाजींना किती हेलपाटे घालायला लावले ते वेगळं.

दुसरा लेप सरस आणि लाकडाच्या भुशाचा. सरस म्हणजे जनावरांची कातडी नि हाडं उकळून केलेला गोंद. त्याचा वास गावातल्या कुत्र्यांना एवढा आवडला की रात्रंदिवस ती मोटारीला वेढा घालून बसू लागली, आणि दार उघडं राहिलं की आत शिरून तळ चाटू लागली. पावसाळ्यात तो लेप फुगून वर आला आणि अक्कानं नाकाला पदर लावून तो खुरप्यानं खरवडून काढला. तिसऱ्या लेपात सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे पेट्रोलमध्ये विरघळवायचे होते. ते लवकर विरघळेनात म्हणून दाजींनी भांडं चुलीजवळ नेलं. भडका उडाला, छपराचं गवत वाचलं, दाजींच्या दोन्ही भुवया गेल्या. त्याच आठवड्यात भावकीत लग्न होतं. अक्कानं त्यांना ओट्यावर बसवून काजळानं भुवया काढून दिल्या. एक जरा वर गेली, त्यामुळे दाजी लग्नभर कशाचं तरी नवल वाटल्यासारखे दिसत होते. त्या काजळाच्या भुवया काढताना अक्काचा चेहरा मी पाहिला आहे. त्या माणसावर तिचा जीव होता. पुढचं सांगण्याआधी हे सांगायला हवं.

चौथा लेप खरा. खापर गावच्या बाजारात सातपुड्यातले लोक सालईच्या झाडाचा डिंक विकायला आणत. तो डिंक, उकळलेलं जवसाचं तेल आणि वस्त्रगाळ केलेली विटेची पूड, असं ते मिश्रण होतं. कितीतरी डबे, पत्र्याचे तुकडे आणि शेवटी अक्काचा पोळपाट त्यावर खर्ची पडला तेव्हा कुठे प्रमाण जमलं. धूळ बसू नये म्हणून त्यांनी पौषातले दिवस निवडले. गोठ्याशेजारच्या छपरात मोटार उभी केली, चारी दारं काढून ठेवली आणि गुडघे टेकून, घरातल्या लहान मुलाला न्हाऊ घालावं तसा हळुवार हातानं तो लेप दिला. एक थर वाळल्यावर दुसरा. काम झाल्यावर म्हणाले, आता हा दगड होईपर्यंत कुणी पाय लावायचा नाही. थंडीत जवसाचं तेल किती दिवस वाळत नाही, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याच पौषात आईच्या छातीत कफ साचला. नंदुरबारच्या औषधानं उतार पडेना, तेव्हा मी तिला आगगाडीनं चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या लोकांनी तिच्यासाठी करता येईल ते सगळं केलं, त्याबद्दल माझ्या मनात काही किंतू नाही. अक्का येऊन चार दिवस राहून गेली. आईला जरा बरं वाटू लागलं होतं, आणि धानोऱ्याला कापूस वेचणीला बायका लागलेल्या, म्हणून आईनंच तिला परत पाठवलं. अक्का गेली आणि आईचा श्वास पुन्हा वर लागला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. लाकडं घेऊन नंदुरबारकडे निघालेल्या एका ओळखीच्या ट्रकवाल्याला मी हात केला आणि वाटेत धानोऱ्याला निरोप द्यायला सांगितलं: आईचं काही खरं नाही, मोटार घेऊन लगेच निघा.

पुढचं मला अक्काच्या शेजारणीनं सांगितलं, अक्कानं कधीच नाही. निरोप दुपारी पोचला. अक्कानं हातातलं काम टाकलं, एक लुगडं गाठोड्यात बांधलं आणि ती मोटारीजवळ येऊन उभी राहिली. दाजींनी वाकून लेपाला बोट लावलं. बोटाबरोबर बारीक तार आली.

"आजून वल्लं शे," ते म्हणाले. "सांजलोंग थांब."

"माय वाट देखी ऱ्हायनी," अक्का म्हणाली.

"आते पाय ठेवा ते समदं वाया जाई. इतला दिननी मेहनत शे. सांजलोंग थांब, मी काय नही म्हनत का?"

ती थांबली. गाठोडं मांडीवर घेऊन छपराच्या खांबाशी बसून राहिली. संध्याकाळी दाजींनी पुन्हा बोट लावलं आणि म्हणाले, "सकाय निंघूत." सकाळी ती अंघोळ करून पुन्हा त्याच खांबाशी येऊन उभी राहिली. दाजी आता बोट लावत नव्हते, हाताचा पंजा वर धरून नुसती ऊब बघत होते. जरा ऊन येऊ दे, म्हणाले. शेजारची कापसाची गाडी नंदुरबारला जिनिंगच्या गिरणीवर निघाली होती. अक्का जाऊन त्या कापसावर बसली आणि गेली. शेजारीण म्हणते, तिच्या नवऱ्यानं बैल हाकले तरी दाजी वळले नाहीत, त्यांना वाटलं अक्का खांबाशीच आहे, आणि ते तिच्याशी बोलतच राहिले की बघ, कसा आरशासारखा होतोय.

नंदुरबारहून आगगाडी पकडून अक्का चिंचपाड्याला पोचली तेव्हा तिसरा प्रहर झाला होता. आई दुपारीच गेली होती. अक्का गाठोडं काखेत धरून, आईला ठेवलं होतं त्या पडवीत आली, माझ्याकडे बघितलं आणि तिथंच खाली बसली. ती रडली नाही. आईच्या पायांशी सरकली आणि तळवे चोळत राहिली, थंडीत गार पडले असतील म्हणून चोळावेत तसे.

दिवस मावळता मावळता दवाखान्याच्या आवारात मोटार आली. दाजी आले होते. आम्ही दोघी बाहेर आलो. मोटारीला दारं नव्हती. एका बाजूच्या चौकटीपासून दुसऱ्या बाजूच्या चौकटीपर्यंत, लेपाला शिवणार नाहीत अशा, गोठ्यातल्या दोन फळ्या, चौकटींच्या कडांवर विटा ठेवून, आडव्या टाकलेल्या होत्या. एक पुढे, एक मागे. त्यांच्यावर पाय ठेवून माणूस आरामात बसू शकत होता. अक्का गेल्याचं ध्यानात आल्यावर दाजींना हे सुचलं होतं, आणि सुचायला, मांडायला, निघायला काहीच वेळ लागला नव्हता. आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना कळलं. ते उतरले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले. अक्का मोटारीजवळ गेली. तिनं वाकून आत बघितलं.

"ह्या फया काल कोठे व्हत्यात?" तिनं विचारलं.

आवाज चढवला नाही, काही नाही. चूल पेटवताना काडेपेटी कुठे आहे असं विचारावं तसं विचारलं. तो प्रश्न तिनं आयुष्यात एकदाच विचारला.

आईला तिथंच नदीकाठी अग्नी दिला. अस्थी गोळा करून परतताना दाजींनी फळी धोतरानं पुसली आणि मोटारीशी उभे राहिले. अक्का माझा हात धरून स्टेशनाकडे चालू लागली. नंदुरबारला उतरून आम्ही धानोऱ्याकडे जाणारी एक बैलगाडी केली. अस्थींचं मडकं अक्काच्या मांडीवर होतं. गावाची हद्द सुटली असेल नसेल, मागून ओळखीचा घरघराट आला. चिंचपाड्याहून निघून दाजी नंदुरबारच्या नाक्यावर आमची वाट बघत थांबले असावेत. पुढे जायला रस्ता होता, पण ते पुढे गेले नाहीत. बैलांच्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये, ती विलायती मोटार आमच्या मागे मागे येत राहिली. मध्येच तिचं पाणी उकळायचं, दाजी थांबून डब्यातलं पाणी घालायचे आणि पुन्हा आम्हाला गाठायचे. रस्त्याच्या कडेची माणसं कामं टाकून बघत होती. बैलगाडीमागे मोटार, अशी वरात त्यांनी पाहिली नव्हती. काही पोरं हसली. एरवी रस्त्यात कोंबडं दिसलं तरी भोंगा वाजवणाऱ्या त्या माणसानं धानोऱ्यापर्यंत एकदाही भोंगा वाजवला नाही. अक्कानं एकदाही मागे वळून बघितलं नाही. मी बघितलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

त्यानंतर अक्का त्या मोटारीत बसली नाही. घरात ती दाजींशी बोलायची, वेळच्या वेळी जेवायला वाढायची, त्यांचं डोकं दुखलं तर तेल लावायची. पण मोटारीत पाय ठेवला नाही. बाजाराला, लग्नाला, माझ्याकडे, कुठेही जायचं तर ती एस. टी.च्या थांब्याकडे चालू लागे. दाजी मोटार तिच्या बाजूला आणून हळू करत, हात लांबवून दार उघडून धरत. "तुमी व्हा पुढे," ती म्हणे, "मी यष्टीवर येस." मग दाजी दार लावून घेत. पुढच्या वेळी पुन्हा उघडत. हे वर्षानुवर्षं चाललं. महाराष्ट्र झाला, धानोऱ्यात वीज आली, चंद्रावर माणूस उतरवायच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि धानोऱ्याच्या रस्त्यावर मोटारीचं दार उघडत होतं नि मिटत होतं.

गंमत म्हणजे लेप खरोखरच दगड झाला. त्या उन्हाळ्यात तो असा कडक झाला की त्यावर कुऱ्हाडीचा दांडा आपटला तरी ठक्क असा आवाज यायचा. लांबून लांबून ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले तो बघायला येत, काय घातलं, किती घातलं विचारत. दाजी सांगत, पण दुसऱ्याच कुणाची कृती सांगावी तसे. आणि त्यांचे ते सगळे नियम कुठे गेले कोण जाणे. आता त्या मोटारीत कुणीही चिखलाच्या पायांनी चढावं. कुणाला विंचू चावला, कुणी बाई अडली, कुणाचं पोर तापानं फणफणलं, की दाजी जेवण अर्धं टाकून मोटार काढत आणि चिंचपाड्याच्या वाटेला लागत. आजाऱ्याबरोबर शेळी आली तरी चालायचं, कुणी ओकलं तरी चालायचं. परत आल्यावर दोन बादल्या पाणी मारलं की झालं. अक्का त्या आजाऱ्यांसाठी भाकरी बांधून द्यायची, पाण्याची घागर आत ठेवायची, दारापर्यंत यायची आणि तिथंच थांबायची. गावात दाजींना लोक मानू लागले. माझ्या शाळेतल्या बाईसुद्धा मला म्हणाल्या, तुमचे दाजी देवमाणूस. मी म्हटलं, हो, देव असाच असतो, उशिरा येतो. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

कारण मला ते काही केल्या गोड लागत नव्हतं. जगातल्या सगळ्यांच्या आया तिथं वेळेवर पोचत होत्या. माझ्या घरी दाजी आले की मी चहा देत होते, खुशाली विचारत होते, आणि ते खुर्ची तपासायला वाकले की मी म्हणायची, "राहू द्या दाजी, ठीक आहे ती." मग ते हात आवरून बसत. हळूहळू 'मास्तरीन, आज कोनता धडा' हेही थांबलं.

मोटारीचे सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा ती छपरात कायमची उभी राहिली. दाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यानंतरच्या एका चैत्रात ते एकटेच एस. टी.नं माझ्याकडे आले. येण्यासारखं काही निमित्त नव्हतं. कांद्याची पिशवी आणली होती, ती त्यांनी दारात ठेवली आणि स्वयंपाकघरात पाटावर बसले. मी शेगडीवर चहा ठेवला. मी दिलेला कप त्यांनी न पिता पुढ्यात ठेवला.

"मास्तरीन, एक इचारू का?"

"विचारा."

"माय मन्हाबद्दल काही बोलनी व्हती का? आखरीले?"

या प्रश्नाची मी किती वर्षं वाट बघत होते ते मलाच ठाऊक. मी हातातली बशी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं, काही न गाळता. सांगितलं की बोलण्याइतका श्वास तिच्यात उरला नव्हता. पण दवाखान्याच्या आवारात कुठलीही गाडी आली, मालवाहू ट्रक आला, पाद्र्यांची जीप आली, की आवाज ऐकून ती डोळे उघडायची, आणि जावई आले म्हणून डोक्यावरून पदर घ्यायची. गाडी निघून गेली की पदर घसरायचा. पुन्हा आवाज आला की पुन्हा घ्यायची. हात उचलेनासा झाला तेव्हा माझ्याकडे बघायची आणि मी तिच्या डोक्यावरून पदर घालायची. मी म्हटलं, "ती गेली तेव्हाही तिच्या डोक्यावर पदर होता दाजी. तुमच्यासाठी."

मला वाटलं, ते कोसळतील. खरं सांगायचं तर कोसळावेत म्हणूनच मी ते सांगितलं होतं. दाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांच्या त्या विरळ भुवया, भडक्यानंतर कधी नीट न उगवलेल्या, वर गेल्या आणि तशाच राहिल्या.

"हरदम?" त्यांनी विचारलं. "जी गाडी उनी तिले?"

"हो. येईल त्या प्रत्येक गाडीला."

ते मान हलवत राहिले. मग इतक्या हळू बोलले की मला वाकावं लागलं. "मामाना घर वाढनू मी. सांजले घर उनू का नही, कोनले ठाऊक नही ऱ्हाये. मन्ही इतली वाट आजलोंग कोनीच नही देखी."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते माझ्या अपेक्षेतलं नव्हतं. एखाद्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही दिलं, आणि ते कसं धरायचं हे त्याला कळत नाही, तसा त्यांचा चेहरा झाला होता. इतकी वर्षं धार लावून ठेवलेली गोष्ट मी त्यांच्यावर फेकली होती, आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी अलगद झेलली होती. मला त्यांचा राग आला. मग तोही येईना. मी त्यांच्या निवलेल्या चहाचा कप उचलला आणि दुसरा चहा टाकला.

दाजी त्याच उन्हाळ्यात गेले. अक्का पुढे पुष्कळ वर्षं होती, पण त्या दुपारचं मी तिला सांगितलं नाही, आणि आता सांगायला तीही नाही. त्या दुपारी चहानंतर, दाजींना नीट दिसत नव्हतं म्हणून मी त्यांना एस. टी.पर्यंत पोचवायला गेले. गर्दीत त्यांनी माझा दंड धरला होता, पायऱ्या चढताना सोडला. खिडकीशी बसून ते मला शोधत होते, पण त्यांची नजर भलत्याच बाजूला होती. मी हाक मारली. त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि हसून म्हणाले, "जाय मास्तरीन, ऊन शे." मी गेले नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उन्हात उभी राहिले.